एकीचंच पोट का दुखावं

माझी बायको आणि माझी मेहुणी जुळ्या. बायको आधी जन्मली आणि मेहुणी तिच्या मागोमाग आली, म्हणून गल्लीत एक थोरली आणि दुसरी धाकटी. नाकीडोळी इतक्या सारख्या की शेजारी अजूनही फसतात. मी फसत नाही. दोघी समोर असल्या की जी बोलत असते ती धाकटी, आणि जी ऐकता ऐकता मान हलवते ती माझी.

दोघींचं मिळून एक दुकान आहे, जुने सोफे-खुर्च्या नव्याने मढवून देण्याचं. खालच्या मजल्यावर दुकान, मधल्या मजल्यावर आम्ही नवरा-बायको, आणि वर धाकटी. धाकटीने लग्न केलं नाही. "एका जन्मात एकीशी जुळवून घेतलं तेवढं पुरे," म्हणते. मी पूर्वी शहरात बस चालवायचो. आता दुकानाची गाडी चालवतो. लोकांच्या घरून मोडके सोफे आणतो आणि गुबगुबीत करून परत पोचवतो.

कामाची वाटणी ठरलेली. थोरली कापड ताणून धरते, धाकटी खटाखट पिना मारते. कापड ताणायचं म्हणजे गुडघा लाकडी सांगाड्याला टेकवायचा, पोट आत घ्यायचं आणि सगळं अंग मागे टाकायचं. एकदा एका दाताच्या डॉक्टरच्या खुर्च्या आल्या होत्या. निम्म्या झाल्या असतील, तोच थोरलीने हातातलं रेक्झिन सोडून दिलं आणि तिथेच उघड्या स्प्रिंगांवर बसली.

"काय झालं गं ताई?" धाकटीने विचारलं.

"काही नाही. पोटात जरा पीळ पडल्यासारखं झालं."

"कालपण पडला होता."

"काल वेगळा होता."

धाकटीने पिनांचं मशीन खाली ठेवलं. कुठली गोष्ट कळली नाही की तिला घास गिळवत नाही. घड्याळ बंद पडलं तर ती सेल बदलण्याआधी ते उघडून बघते. "वेगळा म्हणजे कसा?" ती म्हणाली. "कुठे? वर की खाली?"

"अगं, पोट आहे ते, नकाशा नाही."

तेव्हा थोरली हसली, पण दुखणं काही हसण्यावारी गेलं नाही. जेवली की पोट ढोलासारखं व्हायचं. बेंबीच्या आसपास कळ यायची, तासभर राहायची, जायची आणि परत यायची. जेवण कमी झालं. बरं, जेवण कमी होऊन वजन घटावं, तर तेही नाही, उलट वाढतच गेलं. गल्लीतल्या प्रत्येकाकडे एक इलाज होता. कुणी म्हणालं ओवा खा, कुणी म्हणालं चहा सोड, कुणी म्हणालं उजव्या कुशीवर झोप. समोरच्या चपलावाल्याने तर पट्टा बांधायला दिला. तिने सगळं केलं. माझी बायको कुणाला नाही म्हणत नाही आणि स्वतःचं काही कुणाला सांगत नाही. सगळं पोटात ठेवायची सवय.

गंमत अशी की सगळे धाकटीलाही विचारायचे, "तुझंही दुखत असेल ना? जुळ्यांचं तसंच असतं म्हणतात."

"नाही दुखत," धाकटी म्हणायची. सुरुवातीला सहज म्हणायची, पण पुढे पुढे तिच्या आवाजात जरा रुसवा यायला लागला. एकदा गाडीत माझ्या शेजारी बसली असताना म्हणाली, "भावोजी, मला खरंच काही होत नाही. एकच घर, एकच स्वयंपाक, एकच काम. दोघींना थायरॉइड कमी असल्याचंही एकाच वर्षी निघालं, गोळीही एकाच ताकदीची. मग एकीचंच पोट का दुखावं?"

मी म्हणालो, "ते काय मला विचारतेस? डॉक्टरला विचार."

तेवढं निमित्त पुरलं. तिने थोरलीला जवळजवळ उचलूनच डॉक्टरकडे नेलं. गाडी चालवायला मी होतोच.

डॉक्टरीणबाई आमच्याच वयाच्या. बोलायला सावकाश, हात मात्र पटकन चालायचा. त्यांनी थोरलीला झोपवून पोट चारी बाजूंनी दाबून पाहिलं, बोटांनी टकटक केली, स्टेथोस्कोप लावून ऐकलं.

"पोट साफ होतं का?" त्यांनी विचारलं.

थोरलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. "होतं की."

"रोज?"

"होतं."

"थायरॉइडची गोळी चालू आहे?"

"एक दिवस चुकलेली नाही."

"आणखी काही औषधं?"

"नाही."

बाईंनी रक्त तपासायला सांगितलं आणि पोटाची सोनोग्राफीही लिहून दिली. "पोटाला बरीच बिऱ्हाडं आहेत," म्हणाल्या. "कुणाचा आवाज येतोय ते आधी बघू."

सोनोग्राफीत सापडलं. पित्ताच्या पिशवीत एक खडा होता, वाटाण्याएवढा. पडद्यावर पांढरा ठिपका आणि त्याच्यामागे काळी सावली. मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. दुखण्याला नाव मिळालं की माणसाला धीर येतो. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला खडा माहीत झाला. चपलावाला म्हणाला, "तरी मी म्हणतच होतो," खरं तर तो असलं काहीच म्हणालेला नव्हता.

"काढून टाकू," मी म्हणालो. "ऑपरेशन छोटं असतं म्हणतात."

धाकटी गप्प होती, आणि ती गप्प असली की काहीतरी शिजत असतं. रात्रीची भांडी आवरता आवरता ती म्हणाली, "मी पण सोनोग्राफी करून घेते."

"तुला कशाला?" थोरली म्हणाली. "आजार रेड्याला आणि औषध पखालीला?"

"औषध कुठे घेतेय? बघतेय फक्त."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारलं. "तुम्हाला दुखतंय का?"

"नाही."

"मग सोनोग्राफी कशासाठी?"

"दुखत नाही, म्हणूनच."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि धाकटीकडे नीट पाहिलं. मला वाटलं आता हाकलतात. पण त्या हसल्या. "म्हणजे हिच्या खड्याची परीक्षा तुमच्या पोटात घ्यायची म्हणता. करा. सख्ख्या जुळ्या बहिणीला खडा आहे, तेव्हा तुमचंही बघून ठेवायला हरकत नाही."

मी बाहेर बाकावर बसलो होतो. आतून धाकटीचा आवाज आला, "आहे? खरंच आहे?" लॉटरी लागल्यासारखा. बाहेर आली तेव्हा चेहरा फुललेला. "भावोजी, मलाही आहे! तस्साच! वाटाण्याएवढा!"

घरी थोरलीने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "लहानपणापासून माझी नक्कल करते ही. आता खडासुद्धा सोडला नाही."

"पण ताई, ऐक ना. माझ्या पोटात तोच खडा आहे आणि मला काही होत नाही. म्हणजे तुझं दुखणं खड्याचं नसेलही."

हे मला पटलं नाही. एकच रस्ता असला तरी दोन बस सारख्या चालत नाहीत, एकीचं स्प्रिंगचं पाटं मोडतं आणि दुसरीचं नाही. मी तसं म्हणालोही. पण रिपोर्ट दाखवायला आम्ही तिघं गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी धाकटीचं म्हणणं उडवून लावलं नाही, आणि डोक्यावरही घेतलं नाही.

"एकीचा खडा गप्प आहे म्हणून दुसरीचाही गप्पच असेल असं नाही," त्या म्हणाल्या. "पण मलाही एक गोष्ट खटकतेय. खड्याचं दुखणं बहुतेकदा इथे, उजव्या बरगडीखाली असतं. जोरात येतं, पाठीत जातं. यांचं बेंबीपाशी आहे, पोट फुगतं, आणि कळ येते-जाते. खडा दिसला, म्हणून त्यालाच चोर ठरवायचं का?" मग थोरलीकडे वळल्या. "पंखा कुणी बंद करतं का घरी?"

"मी," थोरली म्हणाली. "मला थंडी वाजते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गेले कित्येक महिने आम्ही घामाने निथळत बसायचो आणि ही स्वेटर घालून. मला वाटायचं, वय झालं.

"आवाज जड झालाय का?"

"हो," धाकटीच बोलली. "फोनवर आता आमचे आवाज वेगळे ओळखू येतात. पूर्वी यायचे नाहीत."

बाईंनी त्याच रक्तात थायरॉइडची तपासणी वाढवून घेतली. सोबत धाकटीचंही रक्त घेतलं, कारण ती दंड पुढे करूनच बसली होती.

निकाल आला. धाकटीचा आकडा जिथे हवा तिथे. थोरलीचा त्याच्या कितीतरी पट वर. बाईंनी समजावून सांगितलं की हा आकडा उलटा वाचायचा. तो वर गेला म्हणजे थायरॉइड कमी पडतंय, आणि मेंदू त्याला हाकांवर हाका मारतोय.

"ते कमी पडलं की सगळं शरीर रेंगाळतं," त्या म्हणाल्या. "हृदय हळू, कातडी कोरडी, डोकं सुस्त. तसंच आतडंही. अन्न पुढे सरकत नाही, साचतं, वायू धरतो, कळा येतात. पोटात काही बिघडलेलं नसतं, पण पोट संथ झालेलं असतं. लोक थायरॉइड म्हटलं की वजनाचं विचारतात, पोटाचं कुणी विचारत नाही." त्यांनी थोरलीकडे रोखून पाहिलं. "म्हणून परत विचारते. पोट साफ होतं का?"

थोरलीने पुन्हा छताकडे पाहिलं. "होतं," म्हणाली.

बाईंनी डोस थोडा वाढवून दिला, पोट हलकं व्हायला एक साधं औषध दिलं, आणि दुखणं वाढलं, उलटी झाली, ताप आला तर तडक या म्हणून बजावलं. मी गाडी काढली. मला वाटलं, झालं.

धाकटीला तसं वाटत नव्हतं. दुकानात ती पिना मारायची सोडून थोरलीपुढे उभी राहिली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी मागे फोमचे तुकडे भरत होतो, त्यामुळे दोघींना मी दिसत नव्हतो.

"ताई, डॉक्टरांना जे सांगितलंस ते मला पटलं नाही. खरं सांग."

"काय खरं?"

"तुला माहितीये काय."

मग थोरली हळू म्हणाली, "आठवड्यातून एकदा. कधी तेही नाही."

"अगं बाई! कधीपासून?"

"मनगटाचं प्लास्टर काढल्यानंतर केव्हातरी. नीट आठवत नाही."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलायचं त्यात? जेवायच्या वेळी सांगू? का भावोजींसमोर... म्हणजे ह्यांच्यासमोर? शी! चारचौघांत सांगायची गोष्ट आहे का ती?"

"चारचौघांत नाही गं, मला. मी तुझी चारचौघं आहे का?" धाकटीचा आवाज चिरकला. "लोक मला विचारत होते, तुझं दुखतं का, तुझं दुखतं का. मला काहीच कळलं नाही. मला वाटलं माझ्यातच काही कमी आहे."

"तुला कसं कळणार? दुखणं माझ्या पोटात होतं."

मी फोमचा तुकडा हातात धरून तसाच उभा. आता खोकावं की मागच्या दाराने जावं? शेवटी मागच्या दाराने गेलो.

त्या रात्री धाकटी वर गेलीच नाही. आमच्या बैठकीच्या खोलीत उशी टाकून आडवी झाली. मी विचारलं तर म्हणाली, "डोस वाढवला, ठीक. पण दोघी एकच गोळी घेतो, मग हिलाच का पुरेना? गोळी तिच्या पोटात जाते की कुठे जाते ते मला बघायचंय."

"म्हणजे पाळत ठेवणार?"

"पाळत नाही. सोबत."

सकाळी मला जाग आली ती स्वयंपाकघरातल्या बोलण्याने. थोरली ओट्याशी उभी होती, हातात पाण्याचा पेला, तळहातावर थायरॉइडची बारीकशी गोळी. आणि तिच्या शेजारी, म्हणजे तळहातावरच, खडूच्या तुकड्याएवढी एक पांढरी गोळी.

"ही कुठली?" धाकटी विचारत होती.

"कुठली म्हणजे? हाडांची. कॅल्शियम."

हे सांगायला हवं. वर्षभरापूर्वी एका सभागृहाचे पडदे लावताना थोरली शिडीवरून घसरली आणि मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, कॅल्शियम दिलं. प्लास्टर निघालं तरी वय बघता कॅल्शियम चालू ठेवा म्हणाले.

"ही तू या गोळीबरोबर घेतेस?"

"एकाच घोटात. दुपारी घ्यायला सांगितली होती, पण दुपारी आठवतच नाही. सकाळी एक गोळी घ्यायचीच असते, तर दुसरीही त्यातच उरकते. सुरुवातीला दुपारीच घ्यायचे, पण सारखी विसरायचे."

"डॉक्टरांनी विचारलं होतं आणखी काही औषध घेता का. तू नाही म्हणालीस."

"अगं, ते औषध कुठे आहे?" थोरली अगदी मनापासून म्हणाली. "ते कॅल्शियम आहे. दुधात असतं ते."

धाकटीने तिच्या हातातून मोठी गोळी उचलून घेतली आणि उजेडात धरून पाहिली. तिलाही काही माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण दोघींमध्ये सापडलेला हा पहिला फरक होता. "ही आत्ता घेऊ नकोस," ती म्हणाली. "आधी विचारू."

डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि खुर्चीत मागे टेकल्या. मग स्वतःवरच हसल्या. "मी 'औषधं' विचारलं. 'काय काय गिळता' असं विचारायला हवं होतं. अहो, कॅल्शियम आणि ही गोळी पोटात एकत्र पडली की कॅल्शियम तिला धरून ठेवतं. बरीचशी गोळी रक्तात जातच नाही. लोहाच्या गोळ्यांचंही तसंच. तुम्ही रोज न चुकता गोळी घेत होता आणि ती रोज न चुकता वाया जात होती."

थोरलीचा चेहरा उतरला. "म्हणजे माझंच चुकलं."

"दोन्ही गोळ्या चांगल्या आहेत. फक्त दोघींना एका बाकावर बसवायचं नाही. मध्ये निदान चार तास जाऊ द्या. थायरॉइडची सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. वाढवलेला डोस मी मागे घेते, जुनाच राहू दे. नाहीतर गोळी लागू पडायला लागली की तोच जास्त होईल. दीड-दोन महिन्यांनी रक्त बघू." मग त्यांनी चष्मा काढला. "आता तिसऱ्यांदा विचारते."

या वेळी थोरलीने छताकडे पाहिलं नाही. मान खाली घालून, पण स्पष्ट आवाजात तिने सगळं सांगितलं, मला ठाऊक असलेलं आणि नसलेलंही. मी तिच्या खुर्चीमागे उभा होतो. मला वाटलं होतं ऐकताना अवघडल्यासारखं होईल, तसं काही झालं नाही. इतके दिवस ती हे एकटीने वागवत होती आणि मी तिला ओवा देत होतो, एवढंच मनात येत राहिलं.

दुखणं एका रात्रीत गेलं नाही. पहिल्या आठवड्यात तर फरकच नव्हता, आणि थोरली म्हणाली, "बघ, खडाच असणार." दुपारची गोळी लक्षात राहावी म्हणून धाकटी जेवताना तिच्या ताटाशेजारी ती ठेवायची. मग हळूहळू पोट हलकं व्हायला लागलं. कळा विरळ झाल्या. एक दिवस मी कामावरून आलो तर घरात पंखा चालू होता आणि स्वेटर खुर्चीच्या पाठीवर पडलेला. थोरली फोनवर कुणाशी तरी बोलत होती आणि मी क्षणभर फसलो, मला धाकटीच वाटली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं पहिल्यांदाच झालं.

दोन महिन्यांनी आकडा खाली आला. अगदी धाकटीइतका नाही, पण बाई म्हणाल्या, वाटेवर आहे. खड्यांचं काय, म्हणून सर्जनचंही मत घेतलं. ते म्हणाले, दोन्ही खडे गप्प आहेत, गप्प आहेत तोवर गप्प राहू द्या. उजव्या बरगडीखाली जोराची कळ आली तर लगेच या. थोरली हे ऐकून जरा खट्टूच झाली. इतके दिवस ज्याच्या नावाने बोटं मोडली तो बिचारा निर्दोष निघाला होता.

धाकटीची शंका मात्र संपली नव्हती. शेवटच्या खेपेला तिने डॉक्टरीणबाईंना गाठलंच. "पण खडा दोघींना कसा झाला? तो थायरॉइडमुळे, का एका आईच्या पोटी आलो म्हणून, का एकाच चुलीवर जेवतो म्हणून?"

"थोडं थोडं सगळ्याचं असेल," बाई म्हणाल्या. "नक्की मला माहीत नाही."

"माहीत नाही?" धाकटीला हे उत्तर फार आवडलेलं दिसलं. "मग पुढच्या वेळेपर्यंत विचार करून ठेवते मी."

"मीही करते," बाई म्हणाल्या.

आम्ही बाहेर आलो. बाहेरच्या खोलीतल्या लांब बाकाची गादी एका टोकाला फाटली होती आणि आतला काथ्या बाहेर डोकावत होता. थोरली त्याच्यासमोर थबकली. खाली वाकून तिने काथ्या बोटांनी चिवडला.

"फोम घालायला हवा," धाकटी म्हणाली.

"फोम नको. इथे दिवसभर माणसं बसतात, महिन्यात दबून जाईल. काथ्याच, पण नीट दाबून."

"ताई, आजकाल काथ्या कोण घालतं?"

"मी घालते. आणि ताणणारही मीच आहे."

डॉक्टरीणबाई दारात येऊन ऐकत उभ्या राहिल्या. दोघी बाकाच्या दोन टोकांना बसून, फोम की काथ्या असा वाद घालत, गादी हाताने दाबून बघायला लागल्या, आणि मी गाडी मागच्या गल्लीतून दाराशी आणायला निघालो.